पेढीवरील कलह आणि अनेकान्तदृष्टी



जेथे चार माणसे एकत्र काम करतात, तेथे मतभेद होणारच. मालक आणि गुमास्ता, विश्वस्त आणि कर्मचारी, जुनी पिढी आणि नवी पिढी यांच्या अपेक्षा सारख्या नसतात. मतभेदाचा कलह होतो तो कषायांमुळे. वेतनाचा प्रश्न लोभाने निर्माण होत असेल; परंतु तो चिघळतो मानाने. ‘एकदा बोललो, आता माघार नाही’ ही वृत्ती म्हणजेच एकान्त. त्यावर अनेकान्त हा उपाय व्यवहारात कसा उतरतो, याचे उद्बोधक उदाहरण वस्त्रव्यवसायाच्याच इतिहासात आहे.

१९१७ मध्ये अहमदाबादेत प्लेगची साथ पसरली. कामगारांनी शहर सोडू नये म्हणून गिरणीमालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला. कित्येक विणकरांना तो वेतनाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत मिळे. साथ ओसरल्यावर १९१८ च्या आरंभी तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली, मालकांनी २० टक्के देऊ केली. मालकांचे नेतृत्व शेठ अंबालाल साराभाई यांच्याकडे होते, तर कामगारांच्या पाठीशी त्यांच्याच थोरल्या भगिनी अनसूयाबेन उभ्या होत्या. एकाच जैन घराण्यातील ही भावंडे परस्परविरोधी बाजूंना होती आणि दोघांनाही गांधीजींविषयी आदर होता.

आरंभी लवाद नेमला गेला. परंतु काही कामगारांनी घाईने काम थांबविले आणि मालकांनी लवाद मोडीत काढला. गांधीजींनी खेद व्यक्त केला, तरी उपयोग झाला नाही. २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी सुरू झाली. गांधीजींनी वेतनाचे दर व राहणीचा खर्च तपासून ३५ टक्के हा आकडा न्याय्य ठरविला आणि कामगारांना आपली ५० टक्क्यांची मागणी खाली आणावयास लावली. दंगा करू नये, शिवीगाळ करू नये, मालकांच्या मालमत्तेस धक्का लावू नये, अशी प्रतिज्ञा कामगारांनी घेतली. उपासमारीने ते खचू लागले, तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपवास आरंभिला. १८ मार्चला समेट झाला.

या समेटाची रचना मननीय आहे. पहिल्या दिवशी ३५ टक्के वाढ द्यावी, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा पाळली जाईल. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचाही शब्द राहील. तिसऱ्या दिवसापासून मधला आकडा साडेसत्तावीस टक्के, तोही लवादाचा निर्णय होईपर्यंत. लवाद म्हणून प्रा. आनंदशंकर ध्रुव यांना दोन्ही पक्षांनी मान्य केले. पुढे त्यांनी ३५ टक्क्यांचा निर्णय दिला. पहिल्या दोन दिवसांची रक्कम हिशेबात क्षुल्लक होती. परंतु त्या दोन दिवसांनी दोन्ही पक्षांचा मान राखला आणि तिसऱ्या दिवशी युक्तिवादास वाट मोकळी झाली.

आपल्या उपवासाचे मालकांवर स्नेहाचे दडपण आले, हा त्यातील दोष होता, असे गांधीजींनीच पुढे लिहिले आहे. समेट दडपणाखाली होऊ नये, हाही याच घटनेचा बोध. म्हणूनच १९२० मध्ये ‘मजूर महाजन’ ही संघटना स्थापन झाली आणि तंट्यांसाठी कायम लवादाची प्रथा पडली. व्यापाऱ्यांच्या ‘महाजन’ संस्थेचे नाव कामगारांनी धारण करावे, हेही अर्थपूर्ण आहे.

याउलट, मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु दोन्ही पक्षांना मान्य असा मध्यस्थ न मिळाल्याची किंमत गिरणगावातील घराघराने मोजली.

दुकानात, कारखान्यात आणि संस्थेच्या भोजनशाळेत वा वसतिगृहातही यातून काही नियम घेता येतील. तोंडी आश्वासनावर न विसंबता वेतन, रजा व वाढ यांचे नियम लिहून ठेवावेत. तक्रार चारचौघांत न ऐकता एकांतात, पण पूर्ण ऐकावी. आकडा सांगण्यापूर्वी तो तपासावा. मध्यस्थ कोण, हे तंटा उद्भवण्यापूर्वीच दोघांच्या संमतीने ठरवावे. निर्णय देताना हरणाऱ्याच्या हाती त्याचा शब्द राहील, याची काळजी घ्यावी.

संवत्सरीस ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना हात बहुधा आप्तेष्ट व व्यापारी मित्रांपुढे जोडले जातात. ज्यांच्यावर वर्षभर आवाज चढविला, त्या गुमास्त्यापुढे, हमालापुढे, पुजाऱ्यापुढे ते क्वचितच जोडले जातात. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात क्षमेचा आरंभ तेथून व्हावा. ज्याच्या हाती पगाराची वही आहे, त्याने प्रथम हात जोडावेत. समोरचे हात आपोआप जुळतील.

जय जिनेंद्र!