पायऱ्यांना मार्क असतात



सकाळपासून प्रत्येकाने एकच विचारलं, "तू नक्की काय करतेस गं?" शेती, मास्तरकी, दुकान हे एका शब्दात सांगता येतं. माझं काम तसं नाही. माइक हातात आलाच आहे, तर सांगूनच टाकते.

मी पुण्यात मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांतले तपासणीचे अहवाल वाचायचे आणि प्रत्येक तपासणीला तिचा कोड द्यायचा. त्या कोडवरून विमा कंपनी पैसे देते. या पाच अंकी कोडांच्या यादीला सीपीटी म्हणतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती १९६६ साली पहिल्यांदा काढली. माझ्याकडे सीटी अँजिओग्राफीचे अहवाल येतात. यात शिरेतून डाय सोडतात आणि तो रक्तवाहिन्यांत पोचला की मशीन भराभर चित्रं घेतं.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात छातीचा एक अहवाल आला. वर 'सीटी अँजिओ' लिहिलेलं होतं, मी ७१२७५ देऊन मोकळी झाले. तपासनीस बाईंनी तो परत पाठवला. स्कॅननंतर संगणकावर रक्तवाहिन्यांची त्रिमितीय चित्रं तयार केल्याची नोंद अहवालात कुठेच नव्हती. ती नोंद नसेल, तर तो डाय देऊन काढलेला छातीचा साधा सीटी. कोड ७१२६०, पैसेही कमी. मी म्हटलं, "डॉक्टरांनी केलंच असणार ना!" त्या म्हणाल्या, "लिहिलंय का? नसेल तर डॉक्टरांना विचार. आपल्या मनाने भरू नकोस."

मला आपले गणिताचे सर आठवले. उत्तर बरोबर असूनही अर्धेच मार्क द्यायचे. "मनात सोडवलं असशील बाई, मला कागदावर दिसू दे."

आता घरची गोष्ट. बाबांना चालताना पोटरीत गोळे यायचे. धाडच्या स्टँडवरून घरी येईपर्यंत दोनदा थांबायचे. थांबलं की बरं वाटायचं. आम्ही म्हणायचो, वय झालं. खरं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या, आणि तंबाखू चाळीस वर्षांची. शहरातल्या एका खासगी ठिकाणी पोटातल्या महाधमनीपासून दोन्ही पावलांपर्यंत सीटी अँजिओ केली. बिलात तीन ओळी आल्या: पोटाची अँजिओ, उजव्या पायाची, डाव्या पायाची.

माझ्या कामात या सगळ्याला मिळून एकच कोड आहे, ७५६३५. त्याच्यासोबत पोटाचा ७४१७५ किंवा पायाचा ७३७०६ वेगळा लावताच येत नाही. अमेरिकेचा नियम इथे चालत नाही, हे मला माहीत होतं. पण प्रश्न तर विचारता येतो. काउंटरवर जाऊन म्हटलं, "भाऊ, बाबा टेबलावर एकदाच झोपले, डाय एकदाच दिला, मग तपासण्या तीन कशा?" तो आत गेला, विचारून आला आणि दोन ओळी कमी करून नवं बिल दिलं. भांडण नाही, काही नाही.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या शेजारच्या बाकावर धोतरातले एक आजोबा बसले होते. त्यांनी पैसे भरले, बिल न वाचता घडी घालून खिशात ठेवलं आणि निघून गेले. मी त्यांना "दाखवा बरं" एवढंही म्हटलं नाही. ते आजोबा मला अजून आठवतात.

म्हणून आज तुम्हाला सांगते. तपशीलवार बिल मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात लाज कसली? किती वेळा स्कॅन झालं आणि किती ओळी लागल्या, ते मोजा. मोठा उपचार निघाला, तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. तिथेही प्रत्येक उपचाराला कोड आणि ठरलेला दर असतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा. आणि चालताना पोटरी भरून येत असेल, तर वयावर ढकलू नका.

माझा नंबर आपल्या ग्रुपवर आहे. बिल समजलं नाही, तर फोटो पाठवा. त्या आजोबांचं बिल राहून गेलं, तुमचं राहू देणार नाही.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, तेव्हा अर्ध्या मार्कांचा फार राग यायचा. आता त्याच पायऱ्यांवर माझं घर चालतं.