पंधरा-वीस मिनिटांचं काम, तासाभराचं औषध

स्वरयंत्रावरची लहानशी गाठ काढायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण तेवढा वेळ स्वरपट्ट्या अगदी स्थिर हव्यात. म्हणून भुलीत स्नायू शिथिल करणारं औषध देतात. 1951 पासून वापरात असलेलं सक्सिनिलकोलीन मिनिटभरात लागू पडतं, दहाएक मिनिटांत उतरतं आणि स्वस्तही आहे. मग दुसरं कशाला? कारण ते उतरवणारं एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मतःच कमी असतं; आर्य वैश्य समाजात हा दोष अधिक आढळला आहे. अशा रुग्णाला काही तास व्हेंटिलेटरवर ठेवावं लागू शकतं. शिवाय नंतरची अंगदुखी, पोटॅशियम वाढणं, आणि क्वचित जीवघेणा ज्वर.

रोक्युरोनियम मोठ्या मात्रेत जवळपास तितक्याच लवकर काम करतं, मात्र तासभर किंवा जास्तही टिकतं. सुगामॅडेक्स त्याचे रेणू वेढून काही मिनिटांत परिणाम संपवतं. ते महाग आहे, हा आक्षेप खराच. क्वचित त्याची ॲलर्जीही होते. तरी शिथिलतेचं प्रमाण यंत्रानं मोजत ही जोडी वापरणं मला अधिक भरवशाचं वाटतं. घरात कुणाचा श्वास भुलीनंतर उशिरा सुरू झाला असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.