दोरी ओढणारा हात

आम्हा बडनेऱ्याच्या माणसांची बर्फाशी ओळख गोणपाटात गुंडाळलेल्या, भुसा लागलेल्या लादीपुरती. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की ती लादी घरी पोचेपर्यंत अर्धी होते. आणि ध्रुव म्हटला की आपल्याला आठवतो अढळपद मिळवणारा बाळ ध्रुव. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे असल्याचं पुस्तक प्रसिद्ध केलं. आज अभ्यासक ते मत मानत नाहीत. पण वेदांतल्या लांबलेल्या उषेच्या वर्णनांवरून त्यांनी तिथली पहाट मनाशी उभी केली, तेव्हा ध्रुवावर कुणी पोचलंही नव्हतं.

पुढच्या दहा वर्षांत माणूस तिकडे गेला, आणि त्याच्याबरोबर कॅमेराही गेला. कॅमेरा म्हणजे साक्षीदार. पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते.

अमेरिकेच्या रॉबर्ट पिअरीनं ६ एप्रिल १९०९ रोजी उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला. त्यानं काढलेल्या छायाचित्रात पाच माणसं दिसतात : कृष्णवर्णीय मॅथ्यू हेन्सन आणि ऊटा, एगिंग्वा, सीग्लू, ऊकेआ हे चार इनुइट. कीर्ती मात्र चित्राबाहेरच्या पिअरीची झाली. हेन्सनला मान मिळायला कितीतरी वर्षं जावी लागली. त्या चौघांची नावं आज किती जणांना ठाऊक आहेत? ती जागा खरंच ध्रुवाची होती का, हा वादही मिटलेला नाही. बडनेरा जंक्शनसारखी पिवळी पाटी तिथं थोडीच असते!

दक्षिणेकडे स्कॉटच्या मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा व्यावसायिक छायाचित्रकार होता. काचेच्या प्लेटा, तिवई, जड पेट्या, असा सगळा संसार घेऊन तो बर्फावर हिंडे. उघड्या हातानं धातूला शिवलं की कातडी चिकटे. एकदा तर त्याच्या जिभेचं टोकच कॅमेऱ्याला चिकटलं. किलर व्हेल माशांनी तो उभा होता तो बर्फ खालून फोडला, तेव्हा तो कसाबसा वाचला. ध्रुवापर्यंत तो गेला नाही. पण स्कॉट आणि बॉवर्स यांना त्यानं फोटो काढायला शिकवलं.

ते शिक्षण कामी आलं. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट आणि त्याचे चार साथीदार दक्षिण ध्रुवावर पोचले, तर नॉर्वेचा अमुंडसेन महिनाभर आधीच, १४ डिसेंबरला, तिथं येऊन गेलेला. दुसऱ्या दिवशी पाचांनी आपला फोटो काढला. सहावा माणूस होताच कुठे? बॉवर्सनं कॅमेऱ्याला दोरी बांधली, बसल्या जागेवरून ओढली. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबूत तिघांचे देह सापडले, आणि फिल्मही. ती धुतली तेव्हा मेलेली माणसं समोर आली. त्या चेहऱ्यांवर हार स्पष्ट दिसते. कुणी ती लपवलेली नाही.

सगळेच साक्षीदार इतके सरळ नसतात. शॅकल्टनचं एन्ड्युरन्स जहाज १९१५ साली बर्फात चिरडलं, तेव्हा फ्रँक हर्लीनं गारठलेल्या पाण्यात उतरून आपल्या प्लेटांच्या पेट्या बाहेर काढल्या. सगळं ओझं नेणं शक्य नव्हतं. सुमारे १२० प्लेटा ठेवून ४०० च्या आसपास त्यानं स्वतः फोडल्या, मागून मन पालटू नये म्हणून. हे वाचलं की मला माझ्या फाडलेल्या कवितांचं काही वाटत नाही. पण याच हर्लीनं मदत आणायला निघालेल्या होडीचं चित्र पुढे फेरफार करून सुटकेचं म्हणून दाखवलं. जिवावर उदार होऊन वाचवलेल्या चित्रालाही त्यानं खोटं बोलायला लावलं.

आणि या सगळ्या चित्रांत बाई नाही. आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथं पोचली. त्या २१ जणांतही बाई नव्हती. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत दोघी गेल्या : भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. स्कॉटच्या फोटोनंतर ७१ वर्षांनी भारतीय मोहिमेतल्या बाईचं पाऊल त्या बर्फावर पडलं.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लग्नाचा असो, सभेचा असो की दंगलीचा, कुठलाही फोटो समोर आला, की दोन प्रश्न विचारा. दोरी कुणाच्या हातात होती? आणि चौकटीबाहेर कोण राहिलं? उत्तर लगेच मिळेलच असं नाही. तरीही विचारा.