अणुसंकट आणि गावचा वार्ताहर
(कोल्हापूर येथे पत्रकारांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ रोजी फुटली. महिनाभर आधीच, २७ मार्चला, प्रिप्यातच्या पत्रकार ल्युबोव कोवालेव्स्काया यांनी तेथील सदोष बांधकामाविषयी जाहीरपणे लिहिले होते. भोपाळचे राजकुमार केसवानी १९८२ पासून ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून विषारी वायूचा इशारा देत होते. डिसेंबर १९८४ मध्ये तो खरा ठरला. दोघेही त्याच गावचे रहिवासी होते, हीच त्यांची पात्रता.

सह्याद्रीपलीकडे, राजापूर तालुक्यात, जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प योजलेला आहे. उद्या तेथे अपघात घडलाच तर अणुस्कुरा घाट चढून माणसे आपल्याच जिल्ह्यात येतील. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने सरकारला माहितीच्या प्रसिद्धीवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला होता. परंतु गावच्या दवाखान्यात आयोडीनच्या गोळ्या असणार काय, घाटातून किती वाहने सुटतील, मच्छीमारांना खबर कोण देणार, हे प्रश्न काही भट्टीच्या पोटातले गुपित नव्हेत. ते तहसील कचेरीत आणि ग्रामसभेत विचारता येतात. सरकारी पत्रकाची वाट न पाहता ते आपण आजच विचारले पाहिजेत आणि मिळालेले उत्तर, किंवा न मिळालेलेही, छापले पाहिजे.