सशाचे दात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठ्या विषयावर बोलणे मला जमायचे नाही. पण आपल्या मालेगावात हल्ली काही घरी पांढरे ससे दिसतात. मुले हौसेने आणतात, आणि आठ दिवसांत त्यांचे खाणेपिणे आपल्याच गळ्यात पडते. म्हणून सशाच्या दातांविषयी चार शब्द सांगते. आमच्या घरी हे दुखणे पुनःपुन्हा आले आहे.

आधी एक सांगते. शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्राणी पाळता येत नाही. मी बोलते आहे ती पाळीव सशाविषयी.

माणसाचा दात एकदा आला की वाढत नाही. सशाचे दात मात्र आपल्या नखांसारखे जन्मभर वाढत असतात. त्याला एकंदर २८ दात. पुढे वर ४ व खाली २, आणि बाकीच्या २२ दाढा. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे वर्षाला चार इंचांहून जास्त वाढतात. दाढाही वाढतातच. मग त्या तोंडात मावतात कशा? तर ससा गवत चावतो तेव्हा त्याच्या दाढा जात्याच्या दोन दगडांसारख्या एकमेकींवर आडव्या घासतात. जेवढे वाढते तेवढे झिजते.

आपण मायेने त्याला पोळी, बिस्कीट, भिजवलेली डाळ, ज्वारीचे दाणे घालतो. ते दोन चावांत चिरडले जाते आणि दाढ झिजत नाही. मग तिच्या कडेला टोक येते. खालच्या दाढेचे टोक जिभेला रुतते, वरच्या दाढेचे गालाला. लाकूड कुरतडायला दिले म्हणजे झाले, असे पुष्कळजण म्हणतात. पण त्याने फार तर पुढचे दात झिजतात. दाढांना गवतच पाहिजे.

मुका जीव, दुखते म्हणून सांगत नाही. उलट दुखणे लपवतो. ओळखायचे ते आपण. खाण्याजवळ येतो, घास उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली राहते. डोळ्यातून पाणी येते. लेंड्या बारीक व थोड्या पडतात. दर आठवड्याला वजन करावे. वजन उतरू लागले की तोंडात काहीतरी आहे असे समजावे. आणि एक दिवस ससा काही खाल्ल्याशिवाय राहिला, तर उद्या बघू म्हणू नये. त्याची आतडी थांबतात आणि तो दगावतो.

वाढलेला दात घरच्या नखकापणीने कापू नये. दात उभा चिरतो, मुळाशी पू होतो. पशुवैद्य यंत्राने घासून देतात. दाढांसाठी भूल द्यावी लागते. भूल देण्याआधी माणसाला उपाशी ठेवतात, तसे सशाला ठेवू नये. त्याला उलटी होतच नाही, आणि उपास मात्र बाधतो. घरातली माणसांची औषधेही देऊ नयेत. पेनिसिलीनच्या जातीचे औषध तोंडावाटे दिले तर ससा मरू शकतो.

आता आमच्या घरचे. आमच्या सशाचा जबडा जन्मतःच वाकडा. पुढचे दात एकमेकांवर बसतच नव्हते, मग झिजणार कसे? दर पाच-सहा आठवड्यांनी घासून आणावे लागे. घरात म्हणत, सशाच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. पण दारात आणलेल्या जिवाची किंमत बाजारात ठरत नाही, असे मला वाटे. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचे दात मुळासकट काढून टाकले. आता त्याला भाजी बारीक चिरून देते. गवत तो ओठांनी ओढून दाढांनी चावतो आणि सुखात आहे. ज्याचे दात जन्मतःच असे वाकडे, त्याची पिल्ले मात्र होऊ देऊ नयेत. हा दोष पुढे जातो.

एरवी उपाय आपल्या धुऱ्यावर फुकट आहे. ताटातला मोठा भाग हिरव्या वा वाळल्या गवताचा असावा. त्याला मेथी-कोथिंबिरीची जोड द्यावी. दाणा अगदी थोडा. पण सोयाबीनवर फवारणी झाली असेल, तर त्या धुऱ्याचे गवत आणू नये.

सशाचा दात पाहणारा डॉक्टर सगळीकडे मिळत नाही. मेडशी-पातूरच्या रस्त्याने अकोला गाठले, तर तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. ससा न्यायचा तर टोपलीत गवत घालून सकाळच्या गाडीने न्यावा; आपल्याकडचे ऊन त्याला सोसत नाही.

भगिनींनो, घरात कोण किती जेवले हे आपल्याला न विचारता कळते. तीच नजर रोज एकदा त्या पिंजऱ्याकडे वळवावी. एवढे सांगून मी आपली रजा घेते.