काचेच्या समुद्रांतील उपद्रवी पाहुणे

बागेंत तण उगवतें, धान्यांत पोरकिडे होतात, पुस्तकांच्या कपाटांत कसर शिरते. माणसानें निसर्गाचा एखादा तुकडा वेगळा काढून आपल्या देखरेखीखालीं ठेवला, कीं त्याच्या मागोमाग नको असलेला पाहुणाहि येतोच. दिवाणखान्यांत काचेची टांकी मांडून, तींत खारें पाणी भरून प्रवाळ, रंगीत मासे व शिंपले पाळणारे हौशी लोक आज युरोप-अमेरिकेंत पुष्कळ आहेत. त्यांचा समुद्र उण्यापुऱ्या दोन-तीन हातांचा. परंतु त्या एवढ्याशा समुद्रांत जे उपद्रवी जीव शिरतात, त्यांची हकीकत मोठी बोधप्रद आहे. कारण हे जीव हल्ला करून येत नाहींत. धनी स्वतःच्या हातांनींच त्यांना घरांत आणतो, आणि पुष्कळदां स्वतःच्या उतावळेपणानेंच त्यांची संख्या वाढवितो.

समुद्रांतील प्राणी काचेंत पाळण्याचा छंद तसा जुना आहे. इ. स. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें 'दि ॲक्वेरियम' हें पुस्तक निघालें. परंतु प्रवाळ हा जीव नाजूक. पाण्यांत थोडी घाण सांचली तरी तो मरावयाचा. पुढें १९६१ सालीं जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं एका अमेरिकन मासिकांत आपली साधी रीत प्रसिद्ध केली. समुद्रांतील सच्छिद्र खडक, त्यांवरील सर्व सजीव सृष्टीसह, टांकींत मांडावे आणि हवेच्या बुडबुड्यांनीं पाणी हलतें ठेवावें, अशी ती रीत होती. अशा खडकाला 'जिवंत खडक' असें नांव पडलें. तो स्वतः जिवंत नसतो. पण त्याच्या असंख्य छिद्रांत राहणारे सूक्ष्म जंतु माशांच्या मलमूत्रापासून होणाऱ्या विषारी अमोनियाचें रूपांतर कमी अपायकारक द्रव्यांत करितात आणि पाणी निवळ राहतें.

परंतु ज्या छिद्रांत हे उपकारक जंतु राहतात, त्याच छिद्रांतून चोरहि आंत येतात. त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे एप्टेशिया नांवाचा लहानसा सागरी ॲनिमोन. दिसावयास तो एखाद्या नाजूक फुलासारखा असतो. पिंगट, अर्धपारदर्शक देंठ आणि वर बारीक स्पर्शतंतूंचें झुबकेदार वलय पाहून नवशिक्याला वाटतें, 'वा! फुकटांत एक फूल मिळालें!' कांहीं आठवडे तो कौतुकानें त्याच्याकडे पाहतो. मग एकाचीं पांच होतात, पांचांचीं पन्नास होतात आणि शेजारचें प्रवाळ आक्रसूं लागतें. कारण त्या फुलाच्या प्रत्येक तंतूंत सूक्ष्म डंख असतात, आणि त्यांच्या टप्प्यांत येणाऱ्या प्रवाळाची कातडी तो जाळून टाकतो. त्यांतहि अडचण अशी, कीं प्रवाळाप्रमाणेंच एप्टेशियाच्या शरीरांतहि सूक्ष्म शैवालपेशी राहतात व प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवितात. म्हणजे प्रवाळासाठीं लावलेला दिवा या चोरालाहि पोसतो.

अशा वेळीं पहिली ऊर्मी येते ती चिमट्यानें ओढून काढण्याची किंवा चाकूनें खरवडण्याची. येथेंच फसगत होते. हात लागतांच एप्टेशिया सर्रकन् छिद्रांत शिरतो. आणि खरवडलाच, तर त्याच्या तळव्याचे चिमुकले तुकडे खडकावर राहतात. त्या प्रत्येक तुकड्यापासून नवा एप्टेशिया तयार होऊं शकतो. पुराणांतल्या रक्तबीज राक्षसाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला, कीं त्यांतून दुसरा रक्तबीज उभा राही. म्हणून जो त्याच्यावर शस्त्र चालवी, तोच त्याचें सैन्य वाढवी. देवीनें अखेर त्याचें रक्त जमिनीवर पडूंच दिलें नाहीं. टांकीच्या धन्यानेंहि हीच युक्ति ध्यानीं धरावी. शत्रूचा एकहि तुकडा मागें राहणार नाहीं, अशाच रीतीनें त्याचा नाश करावा.

यासाठीं प्रचारांत असलेला एक उपाय म्हणजे चुना. शुद्ध विरलेला चुना थोड्या पाण्यांत दाट कालवून, पाणी हलविणारे पंप बंद करून, पिचकारीनें अलगद त्या प्राण्याच्या तोंडावर सोडावा. घाई न करतां सोडला, तर तो आक्रसण्यापूर्वींच चुन्याखालीं झांकला जातो आणि जागच्या जागीं मरतो. मात्र एका दिवशीं थोडेच प्राणी मारावे. चुना अतिशय क्षारधर्मी असल्यामुळें एकदम फार घातल्यास पाण्याचा समतोल बिघडतो आणि चोराबरोबर घरचीं माणसेंहि दगावतात.

दुसरा उपाय निसर्गांतील वैऱ्याची मदत घेण्याचा. अंगावर तांबड्या रेघा असलेली पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते. मात्र पोट भरलेलें असलें, तर त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. लांब चोंचीसारख्या तोंडाचा, नारिंगी पट्ट्यांचा बटरफ्लाय मासाहि तो टिपून खातो. परंतु हा मासा टांकींत रुळणें कठीण, आणि रुळला तर इतर पाळीव जीवांनाहि कुरतडावयास कमी करीत नाहीं. सर्वांत एकनिष्ठ म्हणावी ती बर्घिया नांवाची, कवच नसलेली चिमुकली समुद्री गोगलगाय. एप्टेशियावांचून दुसरें कांहींच ती खात नाहीं. ती रात्रीं हिंडते, हळूहळू वाढते, आणि तिचा गुण दिसावयास कांहीं महिने लागतात. तिला कोळंबीबरोबर ठेवूं नये, नाहीं तर कोळंबी तिचाच फडशा पाडील. शिवाय शेवटचा एप्टेशिया संपला, कीं तिची उपासमार सुरू होते. म्हणून समंजस हौशी लोक ती वेळींच दुसऱ्याच्या टांकीकडे रवाना करितात. काम झाल्यावर सेवकाची सोय लावणें हा धन्याचा धर्मच होय.

येथें आणखी एक विवेक पाळावा लागतो. नको वाटणारा प्रत्येक जीव शत्रु नसतो. रात्रीं दिव्याच्या उजेडांत खडकाखालून केसाळ अळीसारखे कृमी बाहेर येतांना दिसले, कीं नवशिका घाबरतो. त्यांचे केस बोटांत रुततात हें खरें. पण त्यांतील बहुतेक कृमी उष्टें अन्न आणि मेलेले जीव खाऊन टांकी झाडून काढणारे झाडूवालेच असतात. त्यांची संख्या फार वाढली, तर अन्न जास्त पडत आहे एवढाच त्याचा अर्थ. उलट तांबूस रंगाचे, कांहीं मिलिमीटर लांबीचे चपटे कृमी दिसावयास क्षुद्र. परंतु ते हजारोंनीं वाढल्यावर एकदम औषध घालून मारले, तर त्यांच्या शरीरांतील विष पाण्यांत उतरतें आणि मासे मरतात. म्हणून आधीं बारीक नळीनें ते जितके निघतील तितके शोषून काढावे, उरलेल्यांपुरतेंच औषध घालावें, आणि लगेच पाणी बदलून सक्रिय कोळशांतून गाळावें.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. ती माशांच्या नव्हे, तर माणसांच्या जिवाची आहे. बटणांच्या झुबक्यांसारखे दिसणारे पॅलिथोआ नांवाचे मऊ जीव खडकावर भराभर पसरतात. त्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन हें अत्यंत जहाल विष असतें. यांचा नायनाट करावा म्हणून खडकावर उकळतें पाणी ओतणें किंवा तो खडकच उकळणें हें साक्षात् संकट ओढवून घेणें होय. कारण तें विष वाफेबरोबर घरभर पसरतें. अमेरिकेंतील अलास्का प्रांतांत २०१२ ते २०१४ या काळांत दुकानांत व घरांत अशा जीवांमुळें माणसें आजारी पडल्याची नोंद आहे. इंग्लंडांत ऑक्सफर्डशायर परगण्यांतील स्टीव्हन्टन गांवीं २०१८ सालीं टांकींतून प्रवाळ काढीत असतां एका कुटुंबावर हा प्रसंग आला, आणि मदतीस धांवलेल्या अग्निशामक दलाच्या लोकांनाहि रुग्णालयांत न्यावें लागलें. ज्याला आपल्या टांकींतील जीवाची ओळख नाहीं, त्यानें त्याच्यावर प्रयोग करूं नयेत. आणि ओळख असली, तरी हातमोजे व चष्मा घातल्यावांचून, मुलें जवळ असतांना, अशा खडकास हात लावूं नये.

हे सर्व टाळावयाचें, तर दाराशींच पहारा ठेवला पाहिजे. नवीन प्रवाळ किंवा खडक आणल्याबरोबर टांकींत घालूं नये. आधीं तो प्रखर उजेडांत चोहोंकडून तपासावा. जंतुघ्न द्रवांत कांहीं वेळ बुडवावा. आणि मग कांहीं आठवडे वेगळ्या पात्रांत ठेवून त्याच्यावर नजर ठेवावी. नुसत्या बुडवण्यानें भागत नाहीं, कारण मोठे प्राणी मेले तरी त्यांचीं अंडीं बहुधा शाबूत राहतात. कांहींजण म्हणून कोरडा खडकच वापरतात. त्यांत उपकारक जंतु रुजेपर्यंत बरेच दिवस वाट पाहावी लागते, पण चोर येत नाहीं.

आतां राहिला शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रश्न: टांकीचा कंटाळा आला, किंवा तींत नकोसें शेवाळ माजलें, म्हणजे तें टाकावयाचें कोठें? पुष्कळांस सोपें उत्तर सुचतें: समुद्राचें समुद्रास परत! परंतु हा उदारपणा नव्हे. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हें हिरवेंगार, नेच्यासारखें शेवाळ मत्स्यालयांत शोभेसाठीं ठेवीत. १९८४ सालीं मोनॅको येथील समुद्रविज्ञान-संग्रहालयाच्या पायथ्याशीं भूमध्य समुद्रांत त्याचा सुमारें एक चौरस मीटरचा ठिपका आढळला. तेव्हां तो हातानें उपटतां आला असता. पुढच्या वीस वर्षांच्या आंत तें हजारों हेक्टरांवर पसरलें. यालाहि रक्तबीजाचेंच वरदान. नांगराच्या दांत्याला अडकलेला तुकडा दुसऱ्या बंदरांत पडला, कीं तेथें नवें रान उभें राही. हेंच शेवाळ २००० सालीं कॅलिफोर्नियांतील दोन खाड्यांत सांपडलें. तेथील अधिकाऱ्यांनीं वेळ न दवडतां त्यावर ताडपत्र्या अंथरून आंत क्लोरीन सोडला. तरी त्याचें पूर्ण उच्चाटन झाल्याचें जाहीर करावयास २००६ साल उजाडलें, आणि लक्षावधि डॉलर खर्चीं पडले. म्हणून टांकींतील शेवाळ पूर्ण गोठवून किंवा वाळवून मगच कचऱ्यांत टाकावें. तें, किंवा टांकींतील कोणताहि जीव, गटारांत वा समुद्रांत कधींहि सोडूं नये.

या छंदाचें लोण इकडेहि येत आहे. भारताच्या समुद्रांतील खडकाळ प्रवाळांस २००१ सालापासून वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाचें संरक्षण आहे. तीं काढणें वा विकणें हा अपराध आहे. आपल्या मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळें आहेत, आणि तेथें १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. त्या किनाऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबानें तीं पाण्यांतच पाहावीं आणि पाण्यांतच राहूं द्यावीं. परदेशांत जाऊन राहिलेले मराठी लोक तेथील कायद्यानुसार अशी टांकी ठेवीत असतील, तर त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं काचेच्या आंतील शत्रूला उसंत घेऊन जिंकतां येतें. काचेच्या बाहेर सोडलेला शत्रु मात्र साऱ्या किनाऱ्याच्या वांट्याला येतो.