हरिहरेश्वरची बोट

18 ऑगस्ट 2022. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला रिकामी बोट लागली, आत तीन एके-47. झालं! हाय अलर्ट, नाकाबंदी. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, सरकार जेमतेम दीड महिन्याचं आणि विधिमंडळाचं अधिवेशन चालू. मग काय, त्याच दिवशी सभागृहात उत्तर द्यावंच लागलं. फडणवीसांनी सांगितलं: बोट ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बिघडलेलं, दहशतवादाचा अँगल सध्या दिसत नाही, तपास एटीएसकडे. घबराट न वाढवता बोलले, हे मला पटलं.

26/11 नंतर मात्र लोकसभा तोंडावर होती. देशमुख, आर. आर. पाटील पायउतार झाले. एनआयए कायदा महिन्याभरात आला. आणि 1993 चं आरडीएक्स? इथेच, जवळच्या शेखाडीला उतरलं होतं. तरी 2022 मध्ये बोट थेट वाळूपर्यंत येते कशी, सांगा ना!